लच्चव्वाची अक्षरं

त्या दिवशी आम्ही पीठ चाळलं. शेवटचं म्हणून सांगायचं तर एवढंच. मी परभणीहून जोंधळा दळून आणला होता. गिरणीवाल्यानं दगडाला टाकी लावलेली नव्हती, पीठ भरड आलं. बायको म्हणली, एवढं भाडं घालून रेती आणली का वो? मग ती चाळायला बसली आणि मी पोत्याचं तोंड धरून बसलो. ती चाळायची, मी ओतायचो. बोलणं काही नाही. म्हाताऱ्या नवराबायकोला काय बोलायचं असतं?

चाळून झाल्यावर तिनं परातीतलं पीठ तळहातानं सपाट केलं, जसं ती रोज करायची, आणि बोटानं एक गोल काढला. गोलात ठिपका दिला. डोक्यावर टिकलीएवढा तुरा काढला. माझ्याकडं न बघता म्हणली, "काय हाय?"

"ठ हाय. भाकर टाक."

ती हसली. तळहात फिरवला, ठ मोडला, पाणी घातलं आणि मळायला घेतलं. त्या दिवशी मी खाल्लेल्या भाकरीत तो ठ होता. तिसऱ्या प्रहरी भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तिथंच कलली. सुनेनं हाक मारून मला शेतातून बोलावलं, तोवर सगळं झालं होतं. दुखणं नाही, खुपणं नाही. सांगून काही करायची तिला सवयच नव्हती.

गाव तिला तेलंगीण म्हणायचं. नाव लच्चव्वा. माहेर बासरच्या अंगाला, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी. मी तेव्हा रेल्वेच्या लायनीवर गँगमन होतो आणि आमची टोळी त्या बाजूला होती. तिचा बाप आमच्याच जातीचा, पण पुष्कळ पिढ्या तिकडं गेलेला. घराच्या ओट्यावर पोरं जमवून तो अक्षरं शिकवायचा. बासरला सरस्वतीचं देऊळ आहे, लोक लांबून लेकरं घेऊन येतात आणि तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेतात. त्या मुलखात अक्षराला मान. तिच्या बापानं पोरांच्या बरोबर पोरीलाही बसवलं. लोक त्याला म्हणायचे, पोरीला शिकवून काय करणार, ती चुलीलाच जाणार. तो म्हणायचा, चुलीपाशी पीठ असतं ना, त्यात लिहील. खरंच तसं झालं.

लग्न इकडं माझ्या गावी, पेडगावला झालं. आमच्यात नवरीचं नाव तांदळात लिहायची रीत नाही, पण माझ्या थोरल्या मावशीनं परभणीला कुठल्यातरी मोठ्या घरात ती बघितलेली. ती हटून बसली. नवरीचं नाव बदलायचं, लच्चव्वा हे काय नाव झालं, सरस्वती ठेवा. ताटात तांदूळ पसरले आणि मला म्हणली, लिही. मी दोन हिवाळे पंतोजीकडं धूळपाटीवर गेलेला माणूस. ओनामासीधंच्या पुढं गाडी फार गेली नव्हती. माझं बोट तांदळातच अडकलं. तेव्हा नवरीनं ताट आपल्याकडं ओढलं आणि झरझर लिहून टाकलं. गोल गोल, वळणदार. मावशी वाकून बघून म्हणली, किती सुरेख लिवलं गं सरस्वती.

तिनं लच्चव्वा लिहिलं होतं. ते तिनं मला पुढं सांगितलं, पोटभर हसून. मावशी मरेपर्यंत तिला सरस्वती म्हणत राहिली आणि ही मरेपर्यंत लच्चव्वाच राहिली.

मला तेलंगी येत नव्हती, तिला मराठी येत नव्हती. नवीन लग्न झालेल्या माणसांनी बोलायचं कसं? एके दिवशी तिनं पिठात अक्षरं काढायला सुरुवात केली आणि तोंडानं म्हणायला लागली, अ, आ, इ, ई. मी चपापलो. हे तर पंतोजीचं. मी पुढचं म्हणलं, उ, ऊ. तिनं मान वर केली. मग क ख ग घ. मग च छ ज झ. अक्षरं बघितली तर एकही ओळखीचं नाही, पण म्हणायला लागलं की माळ तीच, मणी तेच, ओवणीही तीच. मध्ये तिच्याकडं ए आणि ओ दोन-दोन निघाले, आखूड वेगळे आणि लांब वेगळे. ते तिनं ठासून म्हणून दाखवले, जसं काही माहेराहून जादा भांडी आणलीत. मी पंतोजीच्या ओनामासीधंचं सांगितलं तर तिनं टाळीच वाजवली. तिच्याकडं पोराच्या पहिल्या धड्याला ओनमालु म्हणतात. आमचं पहिलं बोलणं हे असं, बाराखडीचं. लोकांचं प्रेमाचं असतं म्हणतात.

क्वार्टरमध्ये होतो तोवर सगळं ठीक होतं. लायनीवर सगळ्या मुलखाची माणसं, कुणी कानडी, कुणी तेलंगी, कुणी उर्दू. निजामाचं राज्य काही चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, भोगलंय आम्ही. पण एक गोष्ट खरी आहे ती सांगतो. मानवतला एकदा घराच्या जागेचा कागद करायचा होता. कचेरीतला कारकून हैदराबादेकडचा. त्यानं तिच्यापुढं शाईची डबी ठेवली अंगठ्याला. ती म्हणली, टाक द्या. टाक घेतला आणि आपल्या अक्षरात दस्तखत केली. कारकुनानं वाचली, लच्चव्वा, आणि "ठीक हाय अम्मा" म्हणून कागद पुढं सरकवला. घरी येईपर्यंत ती रस्त्यानं हवेत बोट फिरवत होती.

ती सवयच होती तिची. विचार करायला लागली की मांडीवर बोट चालायचं. सारवलेल्या ओल्या जमिनीवर लिहायची, तापल्या तव्याला पाण्याचं बोट लावून लिहायची आणि अक्षर चरचरून उडालं की दुसरं. मी विचारायचो, काय लिवायलीस? ती म्हणायची, काय न्हाई, हात साफ ठिवायले. तिच्या मराठीत तो-ती-ते यांची कायम भांडणं असायची. दूध आली, म्हैस गेला. सुधारायला गेलं की म्हणायची, "एमय्या, काय वो, म्हशीला कळलं ना? मग तुमाला का त्रास?"

तिच्या बापाकडं ताडाची पानं होती, त्यावर तो लोखंडी सळईनं कोरून लिहायचा आणि मग काजळी चोळायचा म्हणजे अक्षर उठायचं. तिचं म्हणणं, सळईनं आडवी रेघ ओढली की पान शिरेवर उभं चिरतं, म्हणून आमच्याकडच्या शहाण्या माणसांनी अक्षरं गोल केली. मराठी अक्षरांना ती हसायची. वर ही दांडी बांधलीय, खाली सगळी धुणं वाळत घातल्यासारखी. "तुमचा ठ बघा, दांडीला लटकून हाय. आमचा बघा, तुरा लावून बसलाय."

नोकरी संपली तसे आम्ही पेडगावात येऊन राहिलो. दोन एकर रान होतं. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष झालं असेल नसेल. गावात सगळी उलथापालथ चाललेली, जो तो दुसऱ्याकडं संशयानं बघायचा. शेजारच्या भागीरथीवहिनी आगीचं इंगळ मागायला आल्या. ही परातीत लिहीत होती. वहिनींनी बघितलं आणि इंगळ न घेताच परत गेल्या. त्याच आठवड्यात त्यांची म्हैस आटली.

झालं. तेलंगीण पिठात यंत्र काढते. गोल काढून आत ठिपका देते, वर शेंडी काढते. करणी करते. तेलंगणातली बाई म्हणजे जादूटोणा येणारच, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. आमच्या विहिरीवर बायका येईनात. भागीरथीवहिनींनी आमच्या दारापुढं लिंबू आणि मिरच्या टाकल्या. मी काठी घेऊन उठलो तर हिनं धरलं. लिंबू उचललं, चिरलं, वरणात पिळलं. म्हणली, चांगलं रसाळ हाय.

वरवर हसली, पण तिला लागलं. त्या दिवशी ती मला म्हणली ते मी विसरलो नाही. "मी जादूवाली न्हाई आन् अडाणीबी न्हाई. मला लिवता येतं. एवढं कुनीतरी म्हना." पुढं जे काही झालं ते सगळं या एका गोष्टीपायी झालं. पैसा नको, पाटल्या नकोत, तिला एवढंच पाहिजे होतं. आणि तेच कुणाच्यानं देववलं नाही.

नवं राज्य आलं तसं साक्षरतेचं वारं सुटलं. गावात केशव मास्तर आले, पुण्याकडचे, बारीक, सदा खोकणारे. दुपारी बायकांचा वर्ग घेणार होते. घरोघर बोलवायला फिरत आमच्याकडं आले. ही परातीपाशी. मास्तर दिसताच तिनं पिठावर आडवा हात धरला. करणीच्या बोंबेची धास्ती बसलेली. मास्तर म्हणाले, बाई, हात काढा बघू. चष्मा लावून उकिडवे बसले आणि पिठाकडं बघत राहिले. मग एका अक्षरावर बोट धरून म्हणाले, "हा ग ना?"

मी दारात उभा होतो. माझ्या बायकोचं तोंड मी तेव्हा बघितलं. वाळलेल्या रानात पाणी सोडल्यावर जमीन कशी आवाज करून पिते, तसं.

मास्तरांना तेलंगी येत नव्हती. पण ते जुन्या लिप्यांच्या नादाचे होते. त्यांनी त्या ग च्या शेजारी पिठातच दोन रेघा काढल्या, वर टेकलेल्या आणि खाली फाकलेल्या, खोपीच्या छपरासारख्या. म्हणाले, हा सगळ्यात जुना ग. दोन हजार वर्षांच्याही वरचा, राजांनी खडकावर कोरून घेतलेला. त्या लिपीचं नाव ब्राह्मी. तुमच्या ग मध्ये ते छप्पर अजून आहे, नुसतं गोल झालंय. आमच्या मराठी ग मध्ये छप्पर कलून खांबाला टेकलंय. मग त्यांनी क काढला, नुसती फुली, अधिकाचं चिन्ह. मग नुसता गोल काढला आणि म्हणाले, हा ठ.

ती म्हणली, "तुरा न्हाई? दांडी न्हाई?"

"काही नाही. दोन्ही नंतर आले."

त्या दिवशी भाकरी उशिरा झाल्या. मास्तर ओट्यावर बसून सांगत होते आणि ही पीठ मळायचं सोडून ऐकत होती. ही सगळी अक्षरं एका आईची. मराठी, तेलंगी, कानडी, तामिळ, बंगाली, सगळ्या बहिणी. व्यापारी गेले, भिक्षू गेले, त्यांच्याबरोबर अक्षरंही गेली. होडीतून लंकेला गेली, ब्रह्मदेशाला गेली, सयामला, जावाला गेली. डोंगर चढून तिबेटात गेली. जिथं गेली तिथलं पाणी लागलं, तिथली पानं, तिथला दगड, तिथला हात. कुठं गोल झाली, कुठं टोकदार. पण आईची सवय सुटली नाही. अक्षर मूळ अ चं धरायचं आणि काना, वेलांटी, उकार त्याच्या अंगाला चिकटवायचा, ही रीत सगळीकडं तीच.

मी विचारलं, मग ही आई कुठली? मास्तर म्हणाले, ते नक्की कुणाला सांगता येत नाही. कुणी म्हणतं इथलीच, कुणी म्हणतं पश्चिमेकडच्या एका लिपीवरून घेतली. पंडितांची भांडणं चालू आहेत.

"आईचं म्हायेर कुनाला ठावं असतंय?" ही म्हणली. "आपल्याला आजोळाच्या म्होरं कुटं ठावं हाय?"

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मध्ये शेकडो वर्षं ती आई कुणालाच वाचता येत नव्हती. खडक समोर, अक्षरं समोर, आणि लोक म्हणायचे ही भुतांनी कोरलीत, राक्षसांची आहेत. मग पंडितांनी अलीकडच्या अक्षरांवरून थोडी जुनी, त्यावरून आणखी जुनी असं माग काढत काढत ती ओळखली. लेकींच्या तोंडवळ्यावरून आईची ओळख पटली म्हणायची. हिनं ते ऐकलं आणि भागीरथीवहिनींच्या घराकडं बघून म्हणली, तिलाबी करनीवाली म्हनत हुते का?

वर्गात ती गेली. मास्तरांचा तक्ता बघून, माळ तीच म्हणल्यावर, तिला मराठी वाचायला किती वेळ लागणार? बाकीच्या बाया ग म भ न वर डोकं धरून बसल्या होत्या तेव्हा ही पोथी वाचत होती, तो-ती-ते ची मारामारी न होता, कारण पोथीतलं दुसऱ्यानं लिहिलेलं. बायांना ती सांगायची, घाबरू नका गं, भैनी हायत सगळ्या, एकीला वळखलं की दुसरी दारात येतीच. भागीरथीवहिनी काही वर्गाला आल्या नाहीत.

मग तालुक्याहून साहेब आले परीक्षा घ्यायला. माणूस वाईट नव्हता. घामानं भिजलेला, पुढं आणखी गावं करायची होती, जीप चालूच ठेवलेली. बायांना एकेक करून बोलावलं. कुणी अडखळत वाचलं, कुणी वाचता वाचता रडलं. हिनं वाचलं ते साहेबांनी मध्येच थांबवलं, बास बास, छान. कागद पुढं केला. म्हणाले, नाव लिहा.

हिनं लिहिलं. आपल्या अक्षरात.

साहेबांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "बाई, नक्षी काढायला नाही सांगितली. नाव लिहायला सांगितलंय."

मास्तर पुढं आले. म्हणाले, साहेब, हे तेलुगू आहे, बाईंना आधीपासून येतं. साहेब म्हणाले, मास्तर, मला मराठी साक्षर मोजायला पाठवलंय. तेलुगू मोजायचं तर तिकडचे लोक आहेत. मास्तरांनी तिला हळूच सांगितलं, लच्चव्वाबाई, तुम्हाला मराठीत येतं की, लिहून टाका, दोन मिनिटांचं काम. मीही म्हणलं, लिही की, काय जातंय तुझं?

ती बोलली ती सगळ्यांसमोर, पण साहेबांकडं बघून. "नाव माज्या बापानं ठिवलं. लिवायलाबी त्यानंच शिकवलं. लग्नात मावशीनं नाव बदलाय लावलं हुतं, मी न्हाई बदललं. आता तुमी अक्षर बदलाय लावायलात. वाचून दाखवलं ना तुमचं समदं? मग माजं एक नाव तुमी वाचा."

साहेब कंटाळले. वही बघत म्हणाले, बाई, मला नाही येत वाचता.

"मग अडानी कोन?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं हसतील, पण नाही हसलं कुणी. साहेबही चिडले नाहीत, तेच वाईट झालं. चिडले असते तर भांडता आलं असतं. त्यांनी नुसती शाईची डबी पुढं ढकलली आणि म्हणाले, अंगठा लावा, मी निरक्षर लिहितो, पुढच्या खेपेला बघू. हिनं अंगठा मुठीत घातला, मूठ पदरात घातली आणि घरी निघून आली.

मला अजून चीड येते. कुणाची ते सांगता येत नाही. साहेबांची म्हणाल तर त्यांच्या हातात काही नव्हतं. हिची म्हणाल तर दोन मिनिटांचं काम होतं. मी तिला तेव्हा म्हणलंही, एवढा ताठा कशाला? ती म्हणली, ताठा न्हाई, तुमी रोज जेवता तेच हात हायत, ते खोटे कसे म्हनू? 

मास्तर चिकट माणूस. वरच्या कचेरीला लिहिलं, की एकाच मुळातून निघालेल्या लिपीत लिहिणाऱ्या बाईला निरक्षर म्हणणं बरोबर नाही. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. ते भेटले की ती विचारायची, काय म्हनले? ते चष्मा पुसायचे. पुढं त्यांची बदली झाली जिंतूरकडं. जायच्या दिवशी आमच्याकडं जेवले. ती त्यांना म्हणली, मास्तर, तुमी म्हनलात समद्या भैनी. मंग एक भैन दुसरीला वळखत का न्हाई?

मास्तर म्हणाले, "ओळखायला वाकून बघावं लागतं, बाई. लोकांची पाठ दुखते."

गंगा इथून खाली बासरलाच जाते. लायनही तीच. पण राज्यं भाषेवर वाटली तेव्हा तिचं माहेर पलीकडं गेलं आणि आम्ही मुंबईच्या राज्यात आलो. मी स्टेशनवरून ती बातमी आणली. ती ज्वारी पाखडत होती. म्हणली, गाडीला तिकीट लागत हुतंच, आता अक्षरालाबी लागंल. मग सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ मांडीवरचं बोट चालत राहिलं.

त्यानंतर कागदावर तिनं कधी लिहिलं नाही. अंगठाही कुठं दिला नाही. सोसायटीचा कागद आला, मतदानाची चिठ्ठी आली, तर काम सोडून देईल पण शाईच्या डबीला हात लावणार नाही. फक्त पिठात लिहायची. सुनेला वाटायचं म्हातारीला चाळा आहे. मला रोज एक अक्षर विचारायची आणि मी रोज करवादून सांगायचो. तिला ठाऊक होतं मी करवादणार. मला ठाऊक होतं ती विचारणार. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

ती गेली त्या सांजेला तिला पोचवून आलो. आमच्याकडं रीत आहे. जीव गेला त्या जागेवर पीठ पसरायचं, त्यावर दिवा ठेवायचा आणि वरून दुरडी पालथी घालायची. सकाळी दुरडी उचलून पिठात बघायचं, काय उमटलंय. पाखराचं पाऊल असलं तर पाखराचा जन्म, मुंगीची वाट असली तर मुंगीचा, गाईचं खूर असलं तर भाग्य. सुनेनं भिंतीपाशी पीठ पसरलं. त्याच दिवशी आम्ही दोघांनी चाळलं होतं त्यातलंच.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तशा आळीच्या सगळ्या बाया आल्या. भागीरथीवहिनी सगळ्यांत पुढं, कारण आता त्याच मोठ्या. त्यांनीच दुरडी उचलली. दिवा विझलेला, वातीची काजळी थोडी पडलेली. सगळ्या वाकल्या. एक म्हणली, पाखरू हाय. दुसरी म्हणली, न्हाई, ही बघ रांग, मुंगी हाय. वहिनी गुडघ्यावर टेकल्या, डोळे बारीक केले आणि पिठाला नाक लागेल इतक्या वाकल्या.

मला नुसतं पीठ दिसत होतं.

मी म्हणलो, "ती जिती हुती तवा रोज लिवत हुती ह्याच पिठात. तवा करनी म्हनलात. एकीनंबी वाकून बघितलं न्हाई. आता काय वाचायलात?"

सून म्हणली, मामा, असं बोलू नये आज. मी दिवा उचलून बाजूला ठेवला. भिंतीला धरून खाली बसलो. तळहातानं पीठ सपाट केलं, जसं ती करायची. मला तिची अक्षरं ओळखता येतात, पण सगळी लिहिता येत नाहीत. ठ येतो, ग येतो आणि तिचं नाव येतं. वळणं काही तिच्यासारखी आली नाहीत, पण लिहिलं. लच्चव्वा.

भागीरथीवहिनी अजून गुडघ्यावरच होत्या. त्यांनी विचारलं, "काय लिवलं भावजी?"

"नाव हाय तिचं."

त्या बघत राहिल्या. मला वाटलं आता उठतील. त्या उठल्या नाहीत. हात टेकून आणखी जवळ सरकल्या आणि म्हणल्या, "ह्यातला ल कंचा?"

मी त्यांचं बोट धरलं आणि ल वरून फिरवलं.